हार घातलेला फोटो

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिची बाज ताणली. सुतळी सैल पडून मधे झोळी झाली होती, कंबर धरते म्हणून ती चार दिवस सांगत होती. मी पायथ्याशी पाय रोवून ओढायचो आणि ती उशाकडून बोटाने सुतळी दाबून धरायची. ओढा की, जेवले न्हाई का, म्हणाली. ओढलं. सुतळी टणटण वाजायला लागली तेव्हा ती वर बसली, एकदा उजव्या अंगाला कलून बघितलं, एकदा डाव्या, आणि म्हणाली, आता बराबर झाली. मग तिने मुगाची खिचडी टाकली, मी शेळीपुढे पाला टाकला, आणि त्या बाजेवर ती जी झोपली ती सकाळी उठली नाही. त्याला आता चौथा महिना चालू आहे.

भेटायला आलेले लोक तिच्या कामाचंच विचारून गेले. पिक्चरमधली बाई, टीव्हीवरची बाई. एवढा पैसा कमावला तो गेला कुठं, हेही दोघातिघांनी विचारलं, माती देऊन आठ दिवस झाले नव्हते तरी. मी सातवी नापास. लेकीने वही आणून दिली आणि म्हणाली, बापू, बोलता तसं लिहा. समदं लिहिणं माझ्याच्यानं होणार नाही. एकच हंगाम लिहितो, ज्यात मी मोठा झालो. बाकीचे लोक मिसरूड फुटल्यावर मोठे होतात. मी तिशी ओलांडल्यावर, एका लेकीचा बाप असताना झालो, आणि ते माझ्या बायकोमुळे, धुरपतामुळे झालो.

आमचा तांडा डोंगरकडा गावापासून कोसभर. तेव्हा हिंगोली जिल्हा झालेली नव्हती, कोणताही कागद घेऊन परभणीला जावं लागायचं. घरात मी, धुरपता, आमची लेक आणि माझी याडी. आम्हा बंजाऱ्यांत आईला याडी म्हणतात. याडी पहाटे बाटी, म्हणजे आमची भाकरी, थापायची तो आवाज मला अजून झोपेत येतो, एकदा जोरात, दोनदा हळू, आणि मागून शेळ्यांच्या घंट्या. मी डोंगरकड्याला आडतीवर पोती उचलायचो. धुरपता मजुरीला जायची आणि येताना लोकांची चाल घेऊन यायची. मुकादम कसा खाकरतो, सावकारीण पदर कसा झटकते, हे ती चुलीपुढं करून दाखवायची आणि मी हसून हसून भाकरी हातात तशीच धरायचो.

मग एक कलापथक तांड्यावर आलं, म्हाताऱ्या बायांना लिहायला शिकवा असं सांगणारं. त्यांच्यातली म्हातारी होणारी बाई तापाने पडली होती. कोणी नुसतं बसेल का, म्हणून त्यांनी विचारलं, तर धुरपता उठून गेली. बसायचं सोडून ती चालायला लागली. कंबरेत वाकून, डावा पाय जरा ओढत, हात हवेत धरून, जणू काठी आहे. सगळा तांडा हसायला लागला. याडी तेवढी गप्प. घरी आल्यावर तिने विचारलं, मी अशी चालते व्हय? धुरपता म्हणाली, व्हय. दोन दिवस याडी तिच्याशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी पाय न ओढता चालायचा प्रयत्न करताना मी तिला गोठ्यामागं बघितलं.

कलापथकाने तिला ठेवून घेतलं. पुढं कुरुंद्याला हळदीच्या दिवसांत एक पिक्चरवाले आले. त्यांना गर्दीसाठी बाया पाहिजे होत्या, रोज साठ रुपये आणि दुपारचं जेवण. हळद शिजवायच्या कढया चालू होत्या, सगळ्या शिवारावर पिवळा धूर तरंगत होता आणि त्यात माणसं पाण्यात चालल्यासारखी दिसत होती. त्या धुरातून ती कॅमेऱ्याकडे आली. एक वाक्य होतं, ते डायरेक्टरने तिच्याकडून तीन तऱ्हांनी बोलून घेतलं आणि मग आपली टोपी काढून डोकं खाजवत बसला. मी बांधावर उभा होतो. मला वाटलं, चुकलं हिचं.

त्यानंतर बोलावणं यायला लागलं. वयाच्या सव्विसाव्या वर्षी ती ऐंशीची म्हातारी झाली. मग नर्स झाली, वेडी झाली, मंत्र्याची बायको झाली, एका पिक्चरात तर मुक्याने सगळं काम केलं आणि लोक म्हणाले, हीच बाई चांगली बोलली. पैशाची गोष्ट मात्र वेगळी. काम आज आणि चेक नव्वद दिवसांनी, त्यातून काम आणून देणाऱ्याचा हिस्सा कापून. कधी चार महिने काहीच नाही, तेव्हा ती पुन्हा मजुरीला. चेक यायचा तोवर कोणत्या कामाचा हे तीच विसरलेली असायची. चेक हातात धरून विचारायची, हा म्हातारीचा का नर्सचा? म्हणून आमच्या घरात वस्तूंना तशीच नावं पडली. याडीच्या डोळ्याचं ऑपरेशन नर्सच्या पैशात झालं. शेळ्या वेडीच्या. घरावरचे पत्रे मंत्र्याच्या बायकोचे. वारा सुटला आणि पत्रे वाजायला लागले की याडी म्हणायची, मंत्रीणबाई बोलून राहिली. पैसा कुठं गेला विचारणाऱ्यांना मी वर बोट दाखवतो. तिथंच आहे, डोक्यावर.

मग ती मालिका आली. रोज दाखवायची. महिन्यातले पंधरा दिवस काम, रोजचे सातशे, आणि वरसभर तरी चालणार असा बोल. एवढी मोठी गोष्ट आमच्या घरात कधी आली नव्हती. काम होतं एका मोठ्या घरच्या विधवा आईचं. आमच्या तांड्यात लग्न झालेल्या बाईच्या दंडात पांढऱ्या बांगड्या असतात, त्यांना बलिया म्हणतात. आता प्लास्टिकच्या मिळतात, पण अर्थ जुनाच. नवरा गेला की त्या उतरतात, एरवी नाही. धुरपता शहरातल्या बायांसारखी साडी नेसायची, केसांत लोंबणारी चांदीची घुगरी तिने कधीच सोडली होती, पण बलिया याडीने सोडू दिल्या नव्हत्या. आजवरच्या कामांत त्या लांब बाहीखाली झाकून जायच्या. या बाईचं पोलकं बिनबाह्यांचं होतं. याडी दोन दिवस जेवली नाही. तिसऱ्या दिवशी तिने तोड काढली. म्हणाली, जितक्या डाव उतरवशील तितक्या डाव माझ्या देवाने, म्हणजे मी देविदासने, त्या आपल्या हाताने चढवायच्या. दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नाही, तिचा स्वतःचाही नाही.

म्हणून मी आडत सोडली, लेकीला याडीजवळ ठेवलं आणि तिच्यासंगं जायला लागलो. मुंबईच्या बाहेर खाडीजवळ एक बंगला होता, तिथं शूटिंग. ते दिवस मला आता खरे वाटत नाहीत. भर दुपारी खिडक्यांना काळं कापड लावून रात्र करायचे आणि त्या रात्रीत एक निळा दिवा लावून चंद्र करायचे. दोन तास रात्रीत बसून बाहेर आलं की ऊन डोळ्यांत घुसायचं आणि कोणता वार आहे ते कळायचं नाही. जिन्याला पायऱ्या होत्या पण वर मजला नव्हता. धुरपता त्या जिन्याने चढून जायची, वर फळीवर उभी राहायची आणि उतरून यायची, आणि मला खरंच वाटायचं की ती वरच्या खोलीत जाऊन आली. मी कोपऱ्यात स्टुलावर, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीत चौदा बलिया. पॅकअप झालं की ती तोंड धुऊन यायची आणि माझ्यापुढं हात धरायची. मी तळहातावर खोबरेल घेऊन कोपरापासून वर चोळायचो आणि एकेक चढवायचो, सात या हातात, सात त्या. बलिया एकमेकींवर आपटत वर जायच्या. मेकअपवाले दादा ब्रश धुता धुता बघायचे. कोल्ड क्रीम आणि खोबरेल यांचा मिळून एक वास असतो. कधी कधी दुपारी आडवा झालो की तो मला येतो, आणि मी उठून बसत नाही, तसाच पडून राहतो, जाऊ नये म्हणून.

पण माणूस स्टुलावर किती दिवस बसेल? तिथले लोक वाईट नव्हते. चहा द्यायचे, चुडेवाले भाऊ म्हणायचे. आमच्या घरून नेलेल्या लसणाच्या चटणीवर अख्खं युनिट जेवायचं. तरी मला टोचायला लागलं. पाठीवर शंभर किलोचं पोतं घेणारा मी, आणि माझं काम काय, तर बांगड्या. विडीला पैसे तिच्याकडून. अशात मॅनेजरला भिंतीवर लावायला मेलेल्या नवऱ्याचा फोटो पाहिजे होता. बाई मालिकेत म्हातारी, पण नवरा तरणाच गेलेला. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, भाऊ, तुम्हीच बसा ना, दोनशे रुपये देतो. धुरपता मेकअपला बसली होती. मी तिला विचारलं नाही. कोणाचा तरी कोट अंगावर चढवला, केस पाण्याने बसवले आणि फोटो काढून घेतला. दोनशे रुपये रोख, नव्वद दिवसांची भानगड नाही. मी ते वरच्या खिशात ठेवले, दिसतील असे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने बघितलं. चौकट केलेली, चंदनाचा हार घातलेला, खाली समई. लाईट लागले होते, सगळे थांबले होते. ती फोटोपुढं आली आणि तिला जे बोलायचं होतं ते बोलली, न अडखळता, आणि डोळ्यांतून पाणी काढलं, जेवढं पाहिजे तेवढंच. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आज वाटतं, त्या टाळ्या वाजवणाऱ्या हातांना काही अक्कल नव्हती.

त्या खेपेचे उरलेले बारा दिवस ती त्याबद्दल एक शब्द बोलली नाही. शेवटच्या दिवशी पॅकअपला उशीर झाला, गाडी चुकेल म्हणून आम्ही तसेच निघालो, बलिया स्टँडवर चढवू असं ठरलं. स्टँडवर बाकड्यावर बसलो. मी आधी बर्फीचा पुडा काढला, माझ्या कमाईचा, आणि तिच्यापुढं धरला. तिने घेतला नाही. हळूच म्हणाली, "दोनशे रुपयांसाठी भिंतीवर चढले तुमी. मला मागितले असते तर मी दिले नसते का?"

ती रागाने बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं. ती समजावून बोलली, लेकराशी बोलावं तसं. मी उठलो, पिशवी काखेत मारली आणि समोर लातूरची गाडी लागली होती तिच्यात जाऊन बसलो. गाडी हलली तेव्हा ती बाकड्यावर दोन्ही हात मांडीवर ठेवून बसलेली दिसली. बलिया माझ्याजवळ होत्या. हे मला तेव्हाच ठाऊक होतं. विसरलो असं मी पुढं सांगितलं, पण विसरलो नव्हतो.

लातूरला एक दिवस कुठं कुठं हिंडलो. पुढचं मला नंतर कळलं. नायक म्हणजे आमच्या तांड्याचा मोठा माणूस, त्याच्या घरी तेव्हा टीव्ही होता आणि अख्खा तांडा मालिका तिथं बसून बघायचा. चार दिवस आधी त्यांनी माझा हार घातलेला फोटो बघितला होता. नायकाने सगळ्यांना समजावलं की हे खोटं असतं, पण याडी तिथून उठून घरी गेली ती पुन्हा टीव्ही बघायला आली नाही. अन् मग धुरपता एकटी जीपमधून उतरली. पदर अंगभर घेतलेला होता. जीपच्या टपावरून पेटी उतरवायला तिने हात वर केले आणि दोन्ही दंड उघडे पडले. याडी दारातच बसली. बाया धावल्या आणि गळ्यात गळा घालून आमच्या बाया रडतात ते रडणं सुरू झालं, जे एकदा सुरू झालं की शेजारच्या तांड्याला ऐकू जातं.

धुरपता सांगत होती, जिते हायत ते, रुसून गेले. कुठं गेले? ठाऊक न्हाई. बलिया कुठं? त्यायच्याजवळ. कोणीच मानलं नाही. कोणी म्हणालं, धक्का बसला बिचारीला. कोणी म्हणालं, ॲक्टिंग करून राहिली, सासूला कळू नये म्हणून. जिच्या खोट्या रडण्यावर सगळा मराठवाडा रडायचा, तिच्या खऱ्या बोलण्यावर तिच्या घरच्यांनी भरवसा ठेवला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी तांड्यावर आलो. आमच्या अंगणात लिंबाखाली माणसं बसलेली, चूल बंद, बाया भिंतीला टेकलेल्या. वाटलं, याडी गेली. मी पहिल्या माणसाला विचारलं, "कोन गेलं?"

नायक उठून उभा राहिला, मला वरून खाली बघितलं आणि म्हणाला, "तू."

मग याडीने येऊन माझ्या दोन थोबाडीत दिल्या आणि तिसरी मारता मारता माझ्या गळ्यात पडली. कोणी हसलं, कोणी रडलं. धुरपता आत होती, खांबाला टेकून. तिने मला बघितलं आणि नजर खाली घेतली. माझी याडी आणि तांडा एवढा वेळ मला रडत होता, आणि जिला ठाऊक होतं मी जिता आहे तिच्याकडे कोणी पाणी घेऊन गेलं नव्हतं.

संध्याकाळी नायकाने पंचायत बसवली. याडीचं म्हणणं एकच, हे काम बंद. नायक म्हणाला, बाईला विचारू. धुरपता म्हणाली, त्यायलाच इचारा. सगळी तोंडं माझ्याकडे वळली. खरं एवढंच होतं की बलिया मी रागाने घेऊन गेलो, अन् फोटो मी विकला. हे बोललो असतो तर तिचं काम राहिलं असतं आणि माझी मान खाली गेली असती. मी म्हणालो, चुकून माझ्याजवळ राहिल्या. आणि वर म्हणालो, आता जायची न्हाई ती. लोकांना बरं वाटलं. नायकाने आपल्या फोनचं कुलूप काढून दिलं आणि मी सगळ्यांदेखत मॅनेजरला कळवलं. मग अंगणातच मी तिला बलिया चढवल्या. रोज ती बोटं जुळवून कोपर पुढं द्यायची. त्या दिवशी तिने हात दिले नाहीत, ते नुसते माझ्यापुढं पडून होते.

घरात आल्यावर ती एवढंच म्हणाली, "मी काल खरं बोलत होते तर कोनी आयकलं न्हाई. तुमी आज खोटं बोलले तर समद्यायनं आयकलं."

सकाळी याडी बाटी थापत होती तेव्हा मी उठलो आणि तोंडही न धुता नायकाच्या ओट्यावर गेलो. तिथं पाच-सहा जण चहा पीत होते. मी उभ्यानंच सांगितलं. बलिया विसरलो न्हाई, मुद्दाम नेल्या. फोटो दोनशे रुपयांत विकला, तिला न विचारता. तिचा काहीच दोष न्हाई, आणि ती जाणार. बलिया तिच्या हाताने काढील, तिच्याच हाताने घालील. याडीला काय सांगायचं ते मी सांगतो. एक जण फिसकन हसला आणि म्हणाला, बायकोच्या जिवावर जगणारा लई बोलून राहिला. मी म्हणालो, व्हय, तिच्याच जिवावर. नायकाने बशी खाली ठेवली आणि म्हणाला, मग जा, तिला पाठव.

तिथून मी चालत डोंगरकड्याला गेलो. फोनच्या बूथवाल्याला उठवलं, मॅनेजरला फोन लावला आणि म्हणालो, ती येणार. तो म्हणाला, भाऊ, आता कसं, काल तुम्हीच नाही म्हणाला, लेखकाने रातोरात मालिकेतल्या आईला काशीयात्रेला पाठवलं, आज त्या गेल्याचा सीन आहे.

"मंग परत आना की," मी म्हणालो. "काशीहून रेल्वे सुटत न्हाई का?"

मीटरवरचे लाल आकडे पळत होते आणि खिशात त्या दोनशेतले चाळीस उरले होते. मी त्याला सांगितलं की दोष माझा आहे, तिच्यासारखी बाई तुम्हाला मिळायची न्हाई, अन् मी संगं येणार न्हाई, तुमचा चहा वाचंल. तो थोडं हसला. थांबा म्हणाला, कोणाशी तरी बोलला, आणि मग सांगितलं, सोमवारी सकाळी पोहोचल्या पाहिजेत, पण हा शेवटचा डाव. मी बरं म्हणून फोन ठेवला.

घरी जाऊन सांगायला पाय ओढ घेत होते. पण मी आधी आडतीवर गेलो. मुकादम काट्यापाशी उभा होता. मी विचारलं, उद्यापासून येऊ का? तो म्हणाला, ट्रक लागलाय, आजच लाग.

लागलो.